दलाल स्ट्रीट आणि घराची कौलं

तुळशीचे लग्न आटोपले की आमच्याकडे लग्नपत्रिकांचा पाऊस सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस पत्नीच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न गिरगावात होते. बेळगावहून रात्रीची बस धरली, रविवारी अक्षता टाकल्या, पंगती झाल्या. परतीची बस सोमवारी रात्रीची, म्हणजे मधला अख्खा दिवस मोकळा. मुंबईला गेलेला बेळगावकर अशा दिवशी काय बघतो? सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, फार तर गेटवे. "मला दलाल स्ट्रीट बघायची आहे," असे मी म्हणालो तेव्हा लग्नघरातले सगळे हसले. "भावोजी, तिथं काय आहे बघण्यासारखं? एक बैलाचा पुतळा आणि सगळी ऑफिसं," मेहुणा म्हणाला.

पत्नी मात्र हसली नाही. "चला, मीही येते," एवढेच म्हणाली. त्या गल्लीशी आमच्या घराचा एक हिशेब होता आणि तो तिला ठाऊक होता. तो हिशेब आधी सांगितला पाहिजे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मागणी, पुरवठा, बाजार, किंमत हे शब्द फळ्यावर लिहिण्यात वीस वर्षे गेली. पण २०२३ च्या दिवाळीपर्यंत मी एकही शेअर विकत घेतलेला नव्हता. त्या दिवाळीत भाचा फराळाला आला. चकली खाता खाता त्याने मोबाईल दाखवला. सकाळच्या दोन तासांत नऊशे रुपये! "मामा, बाजार तुम्ही शिकवता आणि कमावतो मी," तो हसत म्हणाला. मास्तराला लागायला एवढे पुरे होते. त्यानेच आधार आणि पॅन कार्डाचे फोटो काढून माझा अर्ज भरला. दोन-चार दिवसांत माझे डिमॅट खाते उघडलेही.

डे ट्रेडिंग म्हणजे ज्या दिवशी घ्यायचे त्याच दिवशी विकून मोकळे व्हायचे. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. शेअर पडणार असे वाटले तर जवळ नसलेला शेअर आधी विकायचा आणि मग खाली आल्यावर घ्यायचा, हेही चालते. दुपारी सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान तुम्ही व्यवहार मिटवला नाहीत तर ब्रोकरची यंत्रणा तो आपोआप मिटवते. मोबाईलच्या पडद्यावर दर पाच मिनिटांनी एक मेणबत्ती उभी राहते. भाव चढला तर हिरवी, उतरला तर लाल. या मेणबत्त्यांच्या उंचीवरून, वातीवरून पुढचा अंदाज बांधायचा. मी वही घातली. आधार कुठे, अडथळा कुठे, स्टॉपलॉस म्हणजे नुकसानीची मर्यादा किती, सगळे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासारखे टिपले. तीन आठवडे खोट्या पैशांनी, नुसत्या कागदावर सराव केला. त्यात मला अकरा हजारांचा नफा झाला. आता वाटते, कागदावरच्या पैशाला हात थरथरत नाहीत, म्हणून झाला.

मग खरे पैसे घातले. ते कुठले, हे सांगायला अजूनही जड जाते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी आई एकटी राहते. घर जुने, कौलारू. वासे वाळवीने खाल्लेले, मंगळुरी कौलं फुटलेली. २०२४ च्या पावसाळ्याआधी ते शाकारायचे म्हणून मी एक लाख वीस हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्यातले चाळीस हजार 'थोडे दिवस फिरवू' म्हणून काढले.

ब्रोकर डे ट्रेडिंगला पाचपटीपर्यंत उधारी देतो. म्हणजे चाळीस हजारांवर मी दोन लाखांचे शेअर घेऊ शकत होतो. शेअर एक टक्का पडला की माझे पाच टक्के जात. हे गणित मी वर्गात कुणालाही दोन मिनिटांत पटवून दिले असते. स्वतःला पटवायला चार महिने लागले.

पहिल्या आठवड्यात एकतीसशे रुपये मिळाले. त्या पैशांतून घरी कुंदा आणला, पण कशाचा ते सांगितले नाही. तिथेच चुकलो. नफ्याचा पेढा लपवून खाल्ला की तोट्याची कडू गोळीही लपवूनच गिळावी लागते.

दुसरे गणित खर्चाचे. समजा, चारशे रुपयांचे पाचशे शेअर घेतले आणि चारशे एकला विकले. पाचशे रुपये सुटले. पण दोन्ही वेळची दलाली, विक्रीवरचा कर, बाजाराचा आकार, स्टँप, जीएसटी मिळून सुमारे एकशे वीस रुपये जातात. एक रुपयाने चुकलो तर पाचशे नव्हे, सहाशे वीसचा फटका. सौदा जिंका की हरा, हे एकशे वीस ठरलेले. मी चार महिन्यांत दोनशे चौदा सौदे केले.

तिसरे गणित मनाचे. स्टॉपलॉस लावायचा आणि भाव तिथपर्यंत आला की तो आणखी खाली सरकवायचा, 'आता वळेल' म्हणून. सकाळी हरलेले दुपारी वसूल करायचे म्हणून दुप्पट घ्यायचे. तासाला जाताना खिशात मोबाईल थरथरला की फळ्याकडे तोंड करून तो हळूच बघायचा. जानेवारीत सेमिस्टर परीक्षेवर सुपरव्हिजन होते. वर्गात मोबाईल नेता येत नाही. दहा मिनिटांत परत येऊ या समजुतीने मी स्टॉपलॉस न लावताच गेलो. तीन तासांनी बाहेर आलो तेव्हा त्या कंपनीचा तिमाही निकाल लागून गेला होता आणि माझे अकरा हजार दोनशे रुपयेही.

मार्चअखेर थांबलो तेव्हा चौऱ्याहत्तर हजार तीनशे रुपये गेले होते. त्यांतले पंचवीस हजार सातशे नुसत्या खर्चाचे.

आईला मी सांगितले की, सुतार मिळत नाही. जूनमध्ये पाऊस लागला. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. माजघरात आईने पातेली, बादल्या, शेवटी तांब्यादेखील मांडला. पत्नीला हे उमगले जुलैमध्ये, तेही प्राप्तिकराच्या कागदांमुळे. दरवर्षी माझे विवरणपत्र पगारदाराचे, एका पानात संपणारे. त्या वर्षी कर सल्लागारांनी घरी फोन केला. "वहिनी, सरांना यंदा साधा फॉर्म चालणार नाही, तीन नंबरचा भरावा लागेल. धंदा दिसतोय." डे ट्रेडिंगचा नफा-तोटा कायद्याच्या लेखी सट्ट्याच्या धंद्यात मोडतो, पगारातून तो वजाही होत नाही. "अहो, कसला धंदा?" तिने विचारले. त्या रात्री मी सगळे सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. "मला नाही, आईंना सांगा," म्हणाली.

आईला सांगितले. माझे वडील जनावरांच्या बाजारात बैल विकायला जात. तिथे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. पण हात हातात देण्याआधी वडील गिऱ्हाइकाला चांगले न्याहाळून घेत. कुठल्या गावचा, शेत किती, बैलाला मारणारा तर नाही ना? आईने आयुष्यभर तो व्यवहार पाहिलेला. तिने शांतपणे एकच विचारले, "मग ते पैसे गेले कुणाकडे?"

मला उत्तर देता आले नाही. चार महिन्यांत मी दोनशे चौदा वेळा घेतले आणि दोनशे चौदा वेळा विकले. प्रत्येक वेळी समोर कुणीतरी होतेच. मी घेतले म्हणजे कुणीतरी विकले. तो कोण, हा प्रश्न मला, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला, एकदाही पडला नव्हता. मी मेणबत्तीशी खेळतोय असे समजत होतो. म्हणून दलाल स्ट्रीट बघायची होती.

सोमवारी सकाळी आम्ही चर्नी रोडहून लोकल धरली आणि चर्चगेटला उतरलो. तिथून वीर नरिमन रस्त्याने चालत निघाले की उजवीकडे ओव्हल मैदान लागते आणि त्यापलीकडे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. या टॉवरचा आणि शेअर बाजाराचा संबंध मी वर्गात सांगत आलो आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग आपल्याकडच्या कापसाला, त्यात धारवाडकडच्याही, सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर लोटला आणि त्या पैशांनी शेअरचे वेड लागले. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव मिळाल्याचे इतिहासात नोंदले आहे. या सगळ्याचा राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि शेअर कवडीमोल झाले. खुद्द प्रेमचंद बुडाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. पण भरभराटीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून हा टॉवर उभा राहिला. त्यांच्या आईचे नाव त्याला दिले, राजाबाई.

हे सगळे पत्नीला सांगून मी टॉवरकडे बघत राहिलो. तिने वर बघितले आणि म्हणाली, "त्यांनी आईच्या नावानं मनोरा तरी बांधला." पुढचे ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

पुढे हुतात्मा चौक. सीमाभागातला माणूस इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. आम्हीही चपला काढून क्षणभर उभे राहिलो. तसेच सरळ गेले की हॉर्निमन सर्कल येते. समोर टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या, मधोमध गर्द झाडीची बाग. १८५० च्या सुमारास याच टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमत आणि तोंडी सौदे करीत. संख्या वाढत गेली तशी त्यांना जागा पुरेना. लोक हटकत, दलाल हलत. शेवटी १८७४ मध्ये त्यांना एक गल्ली सापडली आणि १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिचेच पुढे मुंबई शेअर बाजार झाले. गल्लीला नाव पडले दलाल स्ट्रीट. आशियातला सर्वांत जुना शेअर बाजार झाडाखाली सुरू झाला हे ऐकून पत्नीला आपल्या गावचा आठवडी बाजार आठवला. तोही वडाखालीच भरतो.

मुंबई समाचारच्या लाल इमारतीवरून पुढे गेलो आणि दलाल स्ट्रीटला वळलो. खरे सांगायचे तर निराशा होते. आपल्या गणपत गल्लीतही याहून जास्त गर्दी असते. अरुंद रस्ता, चहाच्या टपऱ्या, सँडविचवाले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले. वर बघितले तर मान मोडेल एवढी फिरोज जीजीभॉय टॉवर्सची इमारत आणि तिच्या दर्शनी भागावर सरकणारे आकडे. दारात पोलीस, तपासणी. १२ मार्च १९९३ ला याच इमारतीच्या तळघरात बॉम्ब फुटला होता. आत अर्थातच सोडत नाहीत. प्रवेशद्वाराजवळ तो ब्राँझचा बैल, मान खाली घालून हुंदडणारा. २००८ च्या आरंभी तो बसवला आणि त्याच वर्षी सेन्सेक्स एकवीस हजारांवरून आठ हजारांच्याही खाली आला. "एवढा मारका बैल मामंजींनी दावणीला बांधला नसता," पत्नीने शेरा मारला.

कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे होते, पांढरा सदरा, खिशाला पेन. आमचे मराठी ऐकून त्यांनी विचारले, "कुठचे पाव्हणे?" बेळगाव म्हटल्यावर खुलले. ते मूळचे रत्नागिरीकडचे. १९८० नंतरच्या दशकात एका गुजराती दलालाकडे कारकून म्हणून लागले होते. निवृत्त होऊनही आठवड्यातून एकदा या गल्लीत चहाला येतात.

"आमचे शेठ तरवणीवाले होते," ते म्हणाले. हा शब्द मला नवा होता. बाजारात उभे राहून क्षणोक्षणी घेणारा-विकणारा, थोड्या पैशांच्या फरकावर जगणारा तो तरवणीवाला. "सकाळी घ्यायचं, बाजार सुटायच्या आत विकून मोकळं. रात्री अंगावर काही ठेवायचं नाही."

"म्हणजे डे ट्रेडिंगच की," मी म्हणालो.

"तेच. तुम्ही नवीन नाव दिलंत. पण शेठनी मला सहा महिने रिंगमध्ये नुसतं उभं केलं. तोंड उघडायचं नाही, फक्त बघायचं. कोण कुणाचा माणूस आहे, कोण घाबरलाय, कोणाला आजच विकायचंय. ज्याच्याकडून घ्यायचं त्याचा घाम दिसायचा, साहेब. सौदा तोंडी व्हायचा, दोघंही आपापल्या वहीत टिपायचे. शब्द फिरवला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही."

"आणि शेठ कधी बुडाले नाहीत?" पत्नीने विचारले.

"बुडाले की, दोनदा! पण कुणी बुडवलं ते त्यांना माहीत होतं." ते मनापासून हसले. मग म्हणाले, "पंच्याण्णव साली स्क्रीन आले आणि रिंग ओस पडली. आता बाजार या गल्लीत नाही, तुमच्या खिशात आहे. पण समोर कोण आहे ते खिशात दिसत नाही."

माझ्या आईचा प्रश्न बेळगावहून पाचशे किलोमीटरवर एका अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकू आला.

त्याचे उत्तर निम्मे तरी आता छापील स्वरूपात मिळते. जुलै २०२४ मध्ये सेबीने रोख बाजारात डे ट्रेडिंग करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात अशा शंभरांतल्या एकाहत्तर व्यक्तींना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण शहात्तर, आणि वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत ऐंशी. म्हणजे सरावाने शहाणपण येते हा आपला समज इथे उलटा पडतो. तोटा झालेल्यांनी त्या तोट्याच्या सत्तावन्न टक्के एवढी रक्कम वर खर्चापायी दिली. माझे प्रमाण काढले तर त्रेपन्न टक्के आले. आयुष्यभर सरासरी शिकवली, स्वतः सरासरीच निघालो.

फ्युचर्स-ऑप्शन्सचा प्रकार तर याहून भयंकर. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या दुसऱ्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्र्याण्णव टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये नफा कमावला तो मुख्यतः स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या दलाली संस्थांनी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी. तोही जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावल्यांनी. माझा खेळ त्या बाजाराचा नव्हता, पण समोरच्याचा चेहरा कसा असेल याचा अंदाज त्यावरून येतो. कॉलेजातल्या पोरासमोर, गृहिणीसमोर, तासाला फळ्याकडे तोंड करून मोबाईल बघणाऱ्या मास्तरासमोर घाम न येणारे यंत्र उभे असू शकते. त्याला परीक्षेचे सुपरव्हिजन नसते आणि गळके घरही नसते.

सगळ्यांनाच तोटा होतो असे मी म्हणत नाही. शंभरांत एकोणतीस जण निभावतात, त्यांत कुणी खरेच कसबी असतील. पण त्यांनी त्या तरवणीवाल्याच्या कारकुनासारखी वर्षे घातली असतील आणि बुडाले तरी चूल बंद पडणार नाही एवढ्याच पैशांनी खेळले असतील. तीन आठवड्यांची वही आणि आईच्या कौलांचे पैसे या भांडवलावर ते होत नाही.

बेळगावला परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. भाच्याला घरी जेवायला बोलावले आणि सौद्यांची माझी वही त्याच्यासमोर ठेवली. तोपर्यंत त्याला माझा तोटा माहीत नव्हता. त्याने बराच वेळ पाने उलटली आणि मग हळूच म्हणाला, "मामा, माझा याहून जास्त आहे. घरी सांगितलेलं नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून त्याच्या वडिलांकडे गेलो. ते बोलणे सोपे नव्हते, पण झाले. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गात बाजार हा धडा शिकवताना मी आता पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही घेताय, तर विकतोय कोण? आणि तो का विकतोय?"

मे २०२५ मध्ये सोसायटीचे कर्ज काढून घर शाकारले. एक वर्ष भिजल्याने आणखी चार वासे गेले होते. सुताराने एक लाख बत्तीस हजार सांगितले. आईने त्याला ओसरीवर बसवले, चहा दिला, कुठल्या गावचा, मुले किती, हाताखाली माणसे कोण, सगळे विचारले आणि दोन हजार कमी करवून घेतले. मी पैसे मोजून दिले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मुद्दाम गावी राहिलो. रात्रभर कौलांवर पाऊस वाजत होता आणि माजघर कोरडे होते. सकाळी आई म्हणाली, "त्याच्या थोरलीला कॉलेजात घालायचंय म्हणत होता. चौकशी करून ठेव."

ते एक लाख तीस हजार कुणाकडे गेले, हे तिला नीट माहीत आहे.